मेंदूविकारांवरील संशोधनाचा सरकारी पैसा आणि कोल्हापूरचे प्रश्न

गडहिंग्लज तालुक्यातील एका वाचकांच्या आईंना सहा वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार आहे. सरकार मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांवरील संशोधनाला किती पैसा देते, तो जातो कुठे, आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णाला त्याचा उपयोग कधी होणार आणि आईंनी एखाद्या संशोधनात सहभागी व्हावे का, असे त्यांनी विचारले आहे. एका खासगी ठिकाणी त्यांना मूळपेशींच्या (स्टेम सेल) उपचारासाठी काही लाख रुपयांचा खर्च सांगण्यात आला आणि हा उपचार संशोधनाचाच भाग असल्याचे समजावण्यात आले, असेही ते लिहितात. मी कोल्हापुरात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करते आहे आणि सरकारी निधीवर चालणाऱ्या अभ्यासांसाठी रुग्ण नोंदवण्याचे कामही केले आहे. त्या दोन्ही बाजूंनी जे दिसते ते इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे, या खर्चाचा एकच आकडा सांगता येत नाही, कारण केंद्राच्या अर्थसंकल्पात मेंदूविकारांच्या संशोधनासाठी स्वतंत्र लेखाशीर्षच नाही. पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो. आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य संशोधन विभागाकडून तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला, म्हणजे आयसीएमआरला मिळतो आणि तिथून प्रकल्पांना वाटला जातो. जैवतंत्रज्ञान विभाग हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र चालवतो आणि देशभरातील प्रयोगशाळांना अनुदाने देतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची आकलनविज्ञानासाठी, म्हणजे मेंदू विचार आणि स्मरण कसे करतो याच्या अभ्यासासाठी, २००८ पासून वेगळी योजना आहे, आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्थाही त्याच विभागाच्या आधारावर उभी आहे. बंगळुरूच्या निमहान्सला, म्हणजे मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेला, आरोग्य मंत्रालयाकडून थेट पैसा मिळतो. यात २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्थेची भर पडली आहे. या संस्थेसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट जाहीर झाले, परंतु त्यातील सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यावेत अशी अपेक्षा आहे.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एवढे सांगते की २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य संशोधन विभागाला सुमारे ३,९०० कोटी रुपये मिळाले, तर संपूर्ण आरोग्य मंत्रालयाची तरतूद सुमारे ९९,८५९ कोटी होती. म्हणजे आरोग्यावरच्या दर शंभर रुपयांतले जेमतेम चार रुपये संशोधनाकडे जातात, आणि त्या चार रुपयांत क्षयरोग, हिवताप, कर्करोग, माता-बाल आरोग्य आणि मेंदूविकार हे सगळे बसवायचे असते. अमेरिकेत १९५० मध्ये स्थापन झालेली एक राष्ट्रीय संस्था फक्त मज्जासंस्थेच्या विकारांसाठी आहे आणि तिचे वार्षिक अंदाजपत्रक आपल्या चलनात वीस हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. स्मृतिभ्रंशावरच्या संशोधनाचा मोठा भाग तिथे आणखी वेगळ्या संस्थेकडून चालतो. आपला देश सगळ्याच विषयांतील संशोधन आणि विकास धरून राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. मेंदूविकारांचे ओझे मात्र लहान नाही. २०१९ पर्यंतच्या आकडेवारीवर आधारलेल्या राज्यवार अभ्यासात देशातील एकूण आजारभाराच्या सुमारे दहा टक्के भार मज्जासंस्थेच्या विकारांचा असल्याचे दिसले, आणि त्यात सर्वात मोठा वाटा पक्षाघाताचा होता.

पैसा कमी आहे याबद्दल दुमत नाही. तरीही माझ्या मते त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. आहे तो पैसा मोजक्या राष्ट्रीय संस्थांच्या आवारातच राहतो, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे जिल्ह्यात राहूनच शोधता येतात, ते प्रश्न कोणी विचारतच नाही. राष्ट्रीय संस्थांचे काम कमी मोलाचे आहे असे मी म्हणत नाही. निमहान्समधील मेंदू-ऊतींचा संग्रह, किंवा आयआयटी मद्रासच्या केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये सर्वांना मोफत खुला केलेला गर्भस्थ मेंदूचा नकाशा, ही कामे जिल्हा रुग्णालयात होणारी नाहीत आणि ती झालीच पाहिजेत. परंतु त्यांच्याबरोबरीने दुसरेही काम लागते, ते आपल्याकडे फार थोडे होते.

कंपवाताचेच उदाहरण घ्या. २०११ मध्ये अमेरिकेत शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांचा एक सरकारी खर्चाने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट आढळले. हा अभ्यास शक्य झाला, कारण आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतील हजारो शेतकरी कुटुंबांची नोंद तिथल्या सरकारने आधीच अनेक वर्षे ठेवली होती. युरोपीय संघात पॅराक्वाटला २००७ पासून परवानगी नाही. भारतात ते वापरले जाते. पंचगंगा-वारणेच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या ऊस पिकतो, भांगलणीची मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशकांचा वापर वाढत गेला आहे, आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्याच्या तोंडाला बहुतेक वेळा रुमालापलीकडे काही नसते. माझ्याकडे येणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांत शेतकरी बरेच असतात, पण यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण जिल्ह्यात शेतकरीच बरेच आहेत. उत्तर हवे असेल तर शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल अशा तालुक्यांतील काही हजार लोकांची फवारणीची माहिती आज नोंदवून त्यांना दहा-पंधरा वर्षे पाहत राहावे लागेल. हे काम तणनाशक विकणारी कंपनी करणार नाही आणि औषध कंपनीलाही त्यातून काही विकता येणार नाही, म्हणून ते सरकारी पैशावाचून होणार नाही.

पक्षाघाताच्या बाबतीतही तेच आहे. आयसीएमआरच्या बंगळुरू येथील आजारनोंद केंद्राने लोकसंख्येवर आधारित पक्षाघात नोंदणी सुरू केली, तेव्हा त्यासाठी वाराणसी, कोटा, कटक, तिरुनेलवेली आणि काचार ही पाच ठिकाणे होती. त्यांत महाराष्ट्रातले एकही ठिकाण नव्हते. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे सगळ्यांना ऐकून माहीत झाले आहे. परंतु चंदगड, आजरा, शाहूवाडी किंवा गगनबावड्याहून निघालेला रुग्ण सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी किती वेळात पोचतो, आणि वाटेत तो कुठे कुठे थांबतो, हे मोजलेले नाही. थोरल्या दवाखान्यात म्हणजे सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात आणि शहरातील खासगी रुग्णालयांत मिळून वर्षभरात जे रुग्ण येतात, त्यांची एकसारख्या नमुन्यात नोंद झाली, तरी रुग्णवाहिका कुठे ठेवावी आणि सीटी स्कॅनची सोय कोणत्या तालुक्यात आधी करावी, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. दोन-तीन प्रशिक्षित माणसांचा नियमित पगार, एक संगणक आणि पाच-सहा वर्षांचे सातत्य एवढे पुरते.

हे सातत्यच आपल्या अनुदानपद्धतीत बसत नाही. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो. प्रस्ताव पाठवल्यापासून छाननी, तज्ज्ञ समितीपुढील सादरीकरण, संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि करारपत्र होईपर्यंत बराच काळ जातो. त्यानंतर पैसा हप्त्यांनी येतो. वर्षाअखेरीस खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख हवा, यात मला काडीची शंका नाही. परंतु हिशेब वेळेवर जाऊनही हप्ता महिनोन्‌महिने रखडतो, तेव्हा त्याचा पहिला फटका प्रकल्पावर कंत्राटी असलेल्या परिचारिकेला आणि क्षेत्र-कार्यकर्त्याला बसतो. मी ज्या एका अभ्यासात काम करत होते, तिथे असेच घडले. पगार थांबला, घरोघरी जाऊन रुग्णांना ओळखणारी परिचारिका नाइलाजाने दुसरीकडे नोकरीला गेली, आणि तिच्या ओळखीवर टिकून असलेले अनेक रुग्ण पुढच्या तपासणीला आलेच नाहीत. अभ्यासाच्या अखेरच्या अहवालात असे रुग्ण 'संपर्क तुटला' या रकान्यात जातात आणि निष्कर्ष तेवढा लंगडा पडतो. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले आणि कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. हे स्वागतार्ह आहे, पण त्याने यंत्रे आणि रसायने लवकर येतील; माणसांचे पगार वेळेवर होण्याचा प्रश्न तसाच राहतो.

सार्वजनिक पैशाने केलेल्या संशोधनातून मिळते तरी काय, असा एक सूर तुमच्या प्रश्नात आहे, आणि तो रास्त आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने कोलारच्या एका रुग्णापासून जपानी मेंदूज्वराचा विषाणू वेगळा केला आणि जपून ठेवला. त्याच विषाणूवर आधारलेली जेनव्हॅक ही भारतीय बनावटीची लस २०१३ मध्ये आली. मधल्या तीन दशकांत त्या विषाणूचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते, तर समाधानकारक उत्तर देता आले नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, तेव्हा हातपाय लुळे पडण्यामागे कॅम्पिलोबॅक्टर हा पाण्यातून पसरणारा जिवाणू असल्याचे पुरावे याच संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. १९५२ मध्ये सुरू झालेली ही प्रयोगशाळा सार्वजनिक पैशावर टिकवून ठेवली होती, म्हणून हाकेच्या अंतरावर मिळाली. त्याच आजारात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याची कमी खर्चाची आणि साध्या साधनांनी करता येणारी पद्धत बांगलादेशात तपासली गेली आणि २०१८ मध्ये तिचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पद्धतीतून कोणाला नफा नाही, ती तपासायला कोणीतरी सार्वजनिक हेतूने पैसा द्यावा लागतो.

परदेशात सिद्ध झालेले आपल्याकडे तसेच्या तसे लागू पडते, हा समजही सोडायला हवा. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवून त्याचा मेंदू वाचवण्याची पद्धत श्रीमंत देशांत रूढ आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर ती काटेकोरपणे तपासली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळे दगावली, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३१ टक्के. म्हणजे चांगल्या हेतूने वापरलेली पद्धत आपल्या बाळांना अपाय करत होती, आणि हे कळले ते केवळ तपासून पाहिले म्हणून. मला यात खटकते ते एवढेच, की या अभ्यासाचा पैसा ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेसह परदेशी संस्थांनी दिला. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, हा आज सगळीकडे वापरला जाणारा अंदाजही ज्या पाहणीतून आला, तिला अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा आधार होता. इतरांनी मदत केली याबद्दल कृतज्ञता आहेच, पण आपल्या घरातल्या वृद्धांची मोजणी आपल्या खर्चाने झाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या पैशाने झालेल्या अभ्यासाचे एक चांगले उदाहरणही सांगते. आयसीएमआरने देशभरातील रुग्णालयांचे पक्षाघात-संशोधन जाळे उभे केले. त्यातल्या ३१ केंद्रांत ४,२९८ रुग्णांवर असे तपासले गेले की पक्षाघातानंतर मोबाइलवर संदेश, चित्रफिती आणि माहितीपुस्तिका, तीही बारा भाषांत, दिल्याने पुन्हा झटका येणे कमी होते का. २०२३ मध्ये उत्तर आले: कमी होत नाही. अनेकांनी याला अपयश म्हटले. मला तसे वाटत नाही. असा कार्यक्रम न तपासता देशभर राबवला असता तर किती कोटी रुपये गेले असते, याचा विचार करावा. शिवाय त्या निमित्ताने जी केंद्रे एका पद्धतीने काम करायला शिकली, ती पुढच्या प्रश्नासाठी तयार आहेत. असे जाळे वैद्यकीय महाविद्यालयांपुरते न ठेवता जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत नेले पाहिजे.

शेजारच्या कर्नाटकाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. तिथे २०२२ मध्ये निमहान्स आणि राज्य सरकार यांनी मिळून मेंदू-आरोग्याचा उपक्रम सुरू केला. त्यात जिल्हा पातळीवरच्या डॉक्टरांना मेंदूविकार ओळखण्याचे प्रशिक्षण आणि निमहान्सच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळते. तो मुख्यतः सेवेचा उपक्रम आहे, परंतु सेवा नीट नोंदवली गेली की संशोधनाची अर्धी तयारी होते. निपाणी-बेळगाव आपल्यापासून तास-दोन तासांवर आहेत. सीमेच्या अलीकडे असे काही करायला अडचण नसावी. आपल्याकडे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, खासगी वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले विद्यार्थी आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बहुशाखीय संशोधन एकके उभारण्याची केंद्राची योजना आहे, आयसीएमआरची बाह्य अनुदाने आहेत, एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची छोटी संशोधनवृत्ती आहे. कमतरता असते ती प्रस्ताव लिहिण्याचा वेळ असलेल्या माणसांची. दिवसाला शंभर-सव्वाशे रुग्ण तपासणाऱ्या अध्यापकाकडून रात्री बसून चाळीस पानी प्रस्तावाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. संख्याशास्त्रज्ञ आणि प्रस्तावलेखनाला मदत करणारा एक पूर्णवेळ माणूस, एवढी दोन पदे राज्य सरकारने प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला दिली, तर केंद्राचा बराच पैसा आपोआप जिल्ह्यांकडे वळेल, असे माझे मत आहे. लोकप्रतिनिधींकडे काही मागायचे असेल, तर नव्या यंत्राऐवजी ही दोन पदे मागावीत.

इथे उपचाराचा पैसा आणि संशोधनाचा पैसा यांतली एक गल्लत दूर करते, कारण रुग्णांचे नातेवाईक ती वारंवार करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा पैसा उपचाराचा आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ठरावीक आजारांसाठी, नेमून दिलेल्या केंद्रांतून, प्रति रुग्ण ५० लाखांपर्यंत मिळणारी मदतही उपचाराचीच आहे. महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे. कंपवात हा दुर्मिळ आजार नाही, त्यामुळे ती मदत आईंना लागू होणार नाही. मात्र अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये कंपवाताचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आता मूळपेशींविषयी, आणि हे स्पष्ट शब्दांत लिहिणे माझे कर्तव्य आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी मान्य झालेले उपयोग सोडले, तर मूळपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जैवतंत्रज्ञान विभागाच्याच खर्चाने पक्षाघाताच्या १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतील पेशी देऊन पाहण्याची चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात त्या पेशी सुरक्षित ठरल्या, पण त्यांचा फायदा दिसला नाही. कंपवातावर जगात मूळपेशींच्या गंभीर चाचण्या चालू आहेत आणि त्यांच्याकडून मलाही आशा आहे, परंतु त्यांत सहभागी होण्यासाठी रुग्णाला पावती फाडावी लागत नाही. तुम्हाला सांगितलेले काही लाख रुपये देऊ नयेत. आईंची औषधे वेळच्या वेळी चालू ठेवावीत, फिजिओथेरपी नियमित करावी, आणि औषधाचा परिणाम दिवसात चढ-उतार होऊ लागला असेल तर मेंदूत विद्युतप्रवाह देणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दल मुंबई-पुण्यातील मोठ्या केंद्रात विचारावे. ही शस्त्रक्रियाही सार्वजनिक पैशावर झालेल्या मूलभूत संशोधनाचे फळ आहे. मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागाला हात लावावा, हे १९९० मध्ये अमेरिकेतील माकडांवरच्या प्रयोगांतून कळले, आणि अमेरिकेत कंपवातासाठी तिला मान्यता मिळायला २००२ उजाडले.

संशोधनात भाग घ्यावा का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, पण काही गोष्टी पाहून. प्रत्येक औषधचाचणीची नोंद भारताच्या चिकित्सा-चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये असते. तो क्रमांक मागून घ्यावा आणि संकेतस्थळावर ताडून पाहावा. संमतीपत्र मराठीत मिळाले पाहिजे, ते घरी नेऊन सावकाश वाचण्याची मुभा हवी, आणि त्यावर नैतिकता समितीच्या सचिवांचा संपर्क असला पाहिजे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची जबाबदारी प्रायोजकावर असते. ते कलम पत्रात आहे का ते पाहावे. कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडत नाही. आईंना स्वतः वाचणे जमत नसेल, तर त्यांच्या समोर, त्यांना समजेल अशा भाषेत, निःपक्ष साक्षीदाराच्या उपस्थितीत ते वाचून दाखवायला सांगावे, आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यावा. नमुने किंवा रक्त घेऊन फक्त आनुवंशिक अभ्यास करणारे प्रकल्पही असतात. त्यांत आईंना थेट लाभ नसतो, हे त्यांना आधीच सांगितले गेले पाहिजे. दरम्यान, आईंनी शेतात किती वर्षे काम केले, कोणती फवारणी केली किंवा केलेल्या शेतात भांगलण केली, विहिरीचे पाणी प्यायले का, आणि हाताचा पहिला कंप किंवा वास न येणे केव्हा सुरू झाले, हे त्यांना आठवते तसे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांकडच्या कागदांत लावून घ्या.